गांजाचा महसूल आणि स्थानिक स्वराज्य

काल जो व्यवहार दंडनीय होता तो आज परवान्याचा विषय झाला, म्हणून त्या व्यवहाराचे स्वरूप एका रात्रीत पालटत नाही. पालटते ते ज्यांना त्याच्याशी रोज गाठ घालावी लागते त्या कारकुनांचे, तपासनिसांचे आणि नगरपरिषदेच्या सभासदांचे काम. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी ८ नोव्हेंबर २०१६ रोजी चौसष्टावा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतांनी संमत करून एकवीस वर्षांवरील प्रौढाला साडेअठ्ठावीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याची आणि घरी सहा झाडे लावण्याची मुभा दिली, तेव्हा त्या निर्णयाची चर्चा जगभर व्यक्तिस्वातंत्र्य आणि नीती या दोन शब्दांभोवती फिरत राहिली. परंतु या व्यापाराचा प्रत्यक्ष संसार ज्यांना करावा लागणार होता त्यांच्या दृष्टीने त्याच प्रस्तावातील एक वेगळे कलम बाकी सर्व कलमांहून अधिक महत्त्वाचे होते. आपल्या हद्दीत गांजाची व्यापारी लागवड, प्रक्रिया आणि विक्री होऊ द्यावी की नाही, द्यावी तर किती जणांना, कोणत्या वस्तीत आणि कोणत्या कराने, हे ठरविण्याचा अधिकार त्या राज्यातील ५८ कौंट्यांकडे आणि ४८० हून अधिक नगरांकडे राहिला, आणि स्थानिक नियमांचा भंग होत असेल तर राज्याचा परवानाही मिळू नये असे ठरले.

आता यांपैकी कित्येक नगरे आपल्याकडील तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. त्यांच्या कचेरीत या पिकाची माहिती असलेला एकही माणूस नव्हता; किंबहुना असता तर त्याने ती माहिती वर्षानुवर्षे लपवूनच ठेवली असती. साहजिकच अशा संस्थांना साह्य करणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला. नियमांचा मसुदा लिहून देणारे, कराचा दर सुचविणारे, परवान्याच्या अर्जांना गुण देणारे आणि पुढे व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणारे सल्लागार नगरोनगरी नेमले गेले. अशा साह्याची गरज होती याविषयी मला शंका नाही. मात्र बहुतेक ठिकाणी सल्ल्याचा आरंभ ज्या प्रश्नापासून झाला तोच मुळी चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. ‘यातून तिजोरीत किती पडेल?’ हा प्रश्न पहिला विचारला गेला, आणि ‘या व्यापारावर आपल्याला नक्की कोणती देखरेख ठेवायची आहे व तिला किती खर्च येईल?’ हा प्रश्न, विचारला गेलाच तर, फार उशिरा. कर हा या विषयातील शेवटचा निर्णय असला पाहिजे. जी संस्था तो सर्वांत आधी घेते ती ज्याला वेसण घालायची त्याचीच आश्रित होते.

हा क्रम उलटा का झाला याचे कारण केवळ लोभात शोधणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९७८ साली तेरावा प्रस्ताव संमत करून स्थावर मालमत्तेवरील कर आकारणीमूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला, आणि स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचा मुख्य झरा आटला. पुढे १९९६ साली आणखी एका प्रस्तावाने असे ठरले की कोणताही नवा स्थानिक कर मतदारांपुढे गेल्यावाचून बसवता येणार नाही. कर सर्वसाधारण कामासाठी असेल तर साधे बहुमत पुरेल, परंतु त्याचे पैसे एखाद्या विशिष्ट कार्यालाच वाहून दिले जाणार असतील तर दोन-तृतीयांश मते लागतील. या तरतुदीचा परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. गांजावरील कर देखरेखीच्याच कामी लावू असे जी नगरपरिषद प्रामाणिकपणे जाहीर करील तिला दोन-तृतीयांश मतांचा डोंगर चढावा लागतो. जी काहीच जाहीर करीत नाही तिला निम्म्याहून एक मत अधिक मिळाले की काम भागते. तेव्हा कर सर्वसाधारण ठरला, पैसा मोठ्या तिजोरीत मिसळला, त्यातून पोलिसांचे निवृत्तिवेतन निघाले, रस्त्यांची डागडुजी झाली, आणि गांजाच्या दुकानाची तपासणी करणारा माणूस मात्र पूर्वीइतकाच दुर्मीळ राहिला. जकात गेल्यावर नगरपालिकांना दर महिन्याच्या पगारासाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे कसे पाहावे लागते हे ज्याने महाराष्ट्रात पाहिले आहे त्याला या मोहाचे बळ समजावून सांगावे लागू नये.

व्यापाऱ्यांनाही हा कर सुरुवातीला हवाच होता, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ओकलंड नगराने जुलै २००९ मध्ये गांजाच्या विक्रीवर स्वतंत्र कर बसविण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे मांडला. अशा तऱ्हेचा तो अमेरिकेतील पहिलाच कर होता. दर हजार डॉलरच्या विक्रीवर १८ डॉलर असा माफक दर होता आणि सुमारे ८० टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. तेव्हा गांजा केवळ औषध म्हणून, १९९६ च्याच दुसऱ्या एका कायद्याच्या आधारे, विकता येत असे, आणि ती दुकाने चालविणारेच या कराचे पुरस्कर्ते होते. ज्याच्याकडून सरकार कर घेते त्याला ते उद्या चोर म्हणू शकत नाही, हा त्यांचा हिशेब. कराची पावती हीच त्यांची सनद होती. या हिशेबात गैर काही नाही. परंतु पावती देणाऱ्याने त्या बदल्यात काय स्वीकारले, याचा विचार पावती घेणाऱ्यानेच करून चालत नाही.

दक्षिणेकडील वाळवंटात त्याचे फळ लवकर दिसले. डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज हे नगर २००१ साली दिवाळखोरीत गेलेले. त्याने २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर लागवडीस परवानगी दिली आणि लागवडीच्या पहिल्या तीन हजार चौरस फुटांवर प्रत्येकी २५ डॉलर असा जबर आकार मतदारांकडून मंजूर करून घेतला. अडेलँटो हेही असेच कर्जबाजारी गाव. त्याने २०१५ मध्ये तीच वाट धरली. तेथे कोणती जमीन लागवडीच्या पट्ट्यात पडणार आणि कोणती बाहेर राहणार हे काही मोजक्या सभासदांच्या हातात होते, आणि नकाशावरची एक रेघ सरकली की जमिनीचे मोल अनेकपट होत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील एका सभासदाला लाचेच्या आरोपावरून केंद्रीय पोलिसांनी अटक केली आणि २०२२ मध्ये पंचांनी त्याला दोषी ठरविले. केंद्रीय तपासयंत्रणेने २०१९ मध्ये गांजाच्या परवान्यांतील भ्रष्टाचाराची खबर देण्याचे जाहीर आवाहन केले, त्यावरून हा प्रकार एका गावापुरता नव्हता हे उघड होते. परवान्यांची संख्या तोकडी, त्यांचे मोल अफाट आणि ते देण्याचा अधिकार अल्पवेतनी सभासदांच्या इच्छेवर, असा योग जेथे जुळून येतो तेथे मनुष्यस्वभावाला दोष देत बसण्यापेक्षा नियम लिहिणाऱ्याला दोष देणे अधिक न्याय्य आहे.

कॅलाव्हेरस कौंटीची कथा याहून वेगळी आणि मला अधिक दुःखद वाटते. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथील डोंगरात लागलेल्या वणव्याने सत्तर हजारांहून अधिक एकर रान आणि शेकडो घरे भस्मसात केली. जळालेल्या जमिनी स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्या गांजा पिकविणाऱ्यांनी घेतल्या. कौंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाने २०१६ मध्ये तातडीचा नियम करून नोंदणी सुरू केली, अर्जामागे पाच हजार डॉलर शुल्क घेतले, आणि त्याच वर्षी मतदारांनी लागवडीवर क्षेत्रफळानुसार करही मंजूर केला. लोकांनी अर्ज भरले, कुंपणे घातली, पाण्याच्या टाक्या बांधल्या, कर भरला. दरम्यान निवडणुकीने मंडळ पालटले, आणि जानेवारी २०१८ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी सर्व व्यापारी लागवडीस मनाई करण्यात आली. पुढे २०१९ मध्ये पुन्हा तशाच एका मताच्या फरकाने ती मनाई उठली. मनाई करण्याचा अधिकार मंडळाला होता याविषयी कायद्याच्या दृष्टीने वाद असू शकेल, माझा वाद तो नाही. ज्याच्याकडून आपण शुल्क घेतले, कर घेतला, ज्याचे नाव-गाव आणि शेताचा नकाशा आपल्या दप्तरी लिहून घेतला, त्याला वर्षा-दीड वर्षात अपराधी ठरवणारी संस्था आपल्या पुढच्या प्रत्येक नोंदणीचा विश्वास गमावते. लपून पिकविणाऱ्याला उजेडात आणणे हाच या कायद्याचा हेतू होता. कॅलाव्हेरसमध्ये जे आधी उजेडात आले त्यांनाच प्रथम शासन झाले.

कराचा पाया कोणता असावा, हा प्रश्न तांत्रिक म्हणून सल्लागारावर सोपवला जातो, परंतु त्यात न्यायाचा अंश फार मोठा आहे. उत्तरेकडील हंबोल्ट कौंटी ही दोन पिढ्यांपासून गांजाची शेती करणाऱ्या लहान कास्तकारांची. तेथे नोव्हेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेला कर क्षेत्रफळावर होता: उघड्या शेतात चौरस फुटाला एक डॉलर, अंशतः कृत्रिम प्रकाश वापरला तर दोन आणि बंदिस्त खोलीत तीन. म्हणजे दहा हजार चौरस फुटांचे उघडे शेत, जे आपल्या मापाने नऊ गुंठ्यांहून थोडे अधिक भरेल, त्याला वर्षाला दहा हजार डॉलर, मग पीक धरो अथवा करपो. मोजणीला सोपा, चोरीला अवघड, म्हणून हा कर कचेरीला प्रिय. परंतु २०२१ च्या उन्हाळ्यानंतर घाऊक भाव कोसळले, पुष्कळांच्या मालाला खर्चाइतकेही मोल येईना, आणि आकार मात्र जागच्या जागी राहिला. मंडळाला २०२२ च्या आरंभी ८५ टक्के सूट द्यावी लागली आणि पुढे वसुली तहकूब करण्यापर्यंत मजल गेली. ‘सूट-तहकुबी’ हे शब्द ज्यांच्या जमीनमहसुलाच्या इतिहासात शतकभर गाजले त्या आपल्या लोकांना हे चित्र अनोळखी नाही. इंग्रज अधिकारी प्रिंगलने १८३० च्या सुमारास बसविलेला सारा इंदापूरच्या रयतेला पेलला नाही, शिवारे ओस पडली, आणि १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आकार उतरविल्यावरच लोक जमिनीकडे परतले. पिकाच्या मोलाशी नाते तोडलेला कर प्रथम दुबळ्याला खातो. हंबोल्टमध्येही जे गेले ते लहान कास्तकार. भांडवलाच्या जोरावर दोन वाईट वर्षे काढू शकणारे राहिले.

खुद्द राज्याने याच जातीची चूक वजनाच्या बाबतीत केली होती. सुकविलेल्या फुलांवर औंसाला ९ डॉलर २५ सेंट, म्हणजे पौंडाला १४८ डॉलर, असा लागवडकर १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाला, आणि तो महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढावा अशी योजना असल्याने भाव तळाला गेले त्याच काळात, २०२२ च्या आरंभी, तो पौंडाला १६१ डॉलरांवर चढला होता. १ जुलै २०२२ रोजी तो रद्द करावा लागला.

या ठिकाणी आपल्याच देशातील एका जुन्या चौकशीची आठवण करून दिली पाहिजे, कारण गांजाच्या करावर इतका विस्तृत आणि थंड डोक्याने केलेला विचार त्यानंतर क्वचितच कोठे झाला असेल. ब्रिटिश पार्लमेंटात उठलेल्या प्रश्नांमुळे हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष, आणि सात सभासदांत तिघे हिंदी. आयोगाने १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला. वेड्यांच्या इस्पितळात गांजाने वेडे झालेल्यांची संख्या अमुक, असे आकडे तेव्हा सर्रास दिले जात. आयोगाने ते आकडे मुळापर्यंत जाऊन तपासले, तेव्हा आढळले की रोग्याबरोबर येणाऱ्या पोलिसांच्या कागदात वेडाचे कारण लिहिण्याचा एक रकाना असे, तो रिकामा ठेवणे प्रशस्त नसे, आणि गांजा हे लिहिण्यास सोयीचे कारण होते. तेच कारण पुढे इस्पितळाच्या वार्षिक कोष्टकात आणि तेथून सरकारी अहवालांत जाऊन बसे. आज कोणतीही नगरपरिषद ज्या आकड्यांवर आपला दर बसवते ते आकडे कोणत्या रकान्यातून आले, हे पाहण्याची शिस्त मला या एका उदाहरणात दिसते.

सरसकट बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. लागवड परवान्याने आणि ठरावीक टापूत, दुकानांची संख्या मर्यादित, जवळ बाळगण्याच्या मालाला हद्द, आणि पुरेसा परंतु हळूहळू वाढविलेला कर, असे त्याचे धोरण होते. कर एकदम चढविला तर लोक चोरट्या मालाकडे अथवा धोतऱ्यासारख्या अधिक घातक पदार्थाकडे वळतील, आणि शेजारच्या प्रांतांच्या दरांत फार अंतर पडले तर माल हद्द ओलांडील, हे त्याने बजावले होते. मुंबई इलाख्यात तेव्हा नगर आणि सातारा जिल्ह्यांत गांजाची लागवड होत असे. परंतु व्यवस्थेचा नमुना म्हणून पाहावे असे ठिकाण होते बंगालमधील नौगाव. तेथे परवानेदार शेतकऱ्याचा माल सरकारी देखरेखीखालील कोठारात जाई, आणि व्यापाऱ्याने तेथून तो बाहेर काढताना वजनावर कर भरावा लागे. त्यातही चपटा गांजा, गोल गांजा आणि चुरा यांचे दर निरनिराळे ठेवलेले होते, कारण चपट्या गांजात काड्यांचा भाग अधिक, गोल गांजात कमी, आणि चुऱ्यात जवळजवळ नाहीच. मादक अंश जेथे अधिक तेथे कर अधिक, हे तत्त्व अमेरिकेतील इलिनॉय राज्याने नव्या काळात रासायनिक प्रमाणाच्या आधारे स्वीकारले. नौगावच्या कोठारावरील कारकुनाने ते प्रयोगशाळेवाचून, डोळ्यांनी आणि बोटांनी साधले होते. ती राजवट परकी होती आणि तिचे लक्ष महसुलावर होते, हे मी विसरत नाही. तरीही देखरेखीची व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे आणि कर तिच्या दाराशी वसूल झाला पाहिजे, हा तिचा क्रम योग्य होता.

कर प्रत्यक्षात कोठे जाऊन पोहोचतो हे पाहण्यासाठी लॉस एंजेलिसमधील एका ग्राहकाची पावती घेऊ. मालाची मूळ किंमत १०० डॉलर. त्यावर नगराचा दहा टक्के कर, म्हणजे ११०. त्या रकमेवर राज्याची पंधरा टक्के अबकारी, म्हणजे साडेसव्वीस डॉलर वर गेले. या सर्वांवर पुन्हा पावणेदहा टक्के विक्रीकर, आणि ग्राहकाच्या हातून स्थूलमानाने १३९ डॉलर निघतात. शेतकऱ्यावर, प्रक्रिया करणाऱ्यावर आणि वाहतूकदारावर निरनिराळ्या नगरांनी बसविलेले कर त्या शंभरांत आधीच मुरलेले आहेत, ते वेगळेच. रस्त्यापलीकडचा विनापरवाना विक्रेता यांतले काही भरत नाही, माल तपासून घेत नाही आणि वयही विचारीत नाही. प्रत्येक संस्थेने आपला कर एकट्याचा म्हणून पाहिला आणि माफक मानला. बेरीज कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नव्हती. राज्याची अबकारी १ जुलै २०२५ रोजी १९ टक्क्यांवर चढली आणि अवघ्या तीन महिन्यांत, १ ऑक्टोबरला, ती पुन्हा १५ वर आणावी लागली, ती या बेरजेमुळेच.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो हलका नाही, की मग हा व्यापारच आपल्या गावात नको असे म्हणणे शहाणपणाचे नाही काय? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली रिव्हरसाइड नगराच्या खटल्यात स्थानिक मनाई वैध ठरविली, आणि आजही त्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्थानिक संस्था आपल्या हद्दीत दुकान उघडू देत नाहीत. आपल्या मुलांच्या वाटेवर असे दुकान नको म्हणणाऱ्या आईबापांविषयी मला आदर आहे, आणि ज्या गावाने विचारपूर्वक नकार दिला त्याचा नकार मी कराच्या आशेने दिलेल्या होकारापेक्षा श्रेष्ठ मानतो. परंतु नकार दिला म्हणजे काम संपले असे मानता येत नाही. गांजा त्या गावात मनाईपूर्वीही येत होता. नकार देणाऱ्या संस्थेलाही चोरट्या विक्रीचा बंदोबस्त, शाळांतील शिक्षण आणि व्यसनी माणसाच्या उपचारांची सोय ही तिन्ही कामे करावीच लागतात, आणि त्यांसाठी लागणारा पैसा तिला दुसरीकडून उभा करावा लागतो. होकारात अथवा नकारात खर्चाचे अंदाजपत्रक प्रथम मांडावेच लागते.

या व्यापाराला आणखी एक पीडा होती, ती स्थानिक संस्थेच्या हाताबाहेरची. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा सर्वांत कडक वर्गात घातल्यामुळे बँका दूर राहिल्या, आणि व्यापारी नोटांच्या पिशव्या घेऊन कर भरायला येऊ लागले. रोकडीच्या धंद्यात विक्रीच्या टक्केवारीवर बसवलेला कर वहीच्या खरेपणावर अवलंबून असतो. म्हणून क्षेत्रफळाचा कर नको म्हणणाऱ्याने वही तपासणारा माणूस तरी नेमला पाहिजे. माझा कौल विक्रीच्या ठिकाणी घेतलेल्या माफक टक्केवारीला आणि तपासणीच्या खर्चाइतक्याच परवानाशुल्काला आहे, आणि दर मतदारांपुढे ठेवताना तो कमाल मर्यादा म्हणून ठेवावा, जेणेकरून भाव पडल्यास परिषदेला पुन्हा निवडणुकीची वाट न पाहता तो उतरविता येईल.

आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा आणि चरस निषिद्ध मानले, तरी पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत भांग-गांजावर अबकारी बसविण्याचा अधिकार अद्याप नोंदलेला आहे. उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्यासाठी होणाऱ्या लागवडीस परवाने दिले आहेत. उद्या कोणत्या राज्याने या दिशेने पुढचे पाऊल टाकावे अथवा टाकू नये हा या लेखाचा विषय नाही. परंतु ते पाऊल टाकण्याची चर्चा आपल्याकडे आताच महसुलाच्या आकड्यांनी सुरू होते, हे मला चिंताजनक वाटते.

म्हणून बाहेरून साह्य घेणाऱ्या स्थानिक संस्थेने करार करतानाच काही गोष्टी पक्क्या कराव्यात. सल्लागाराचा मेहनताना वसुलीच्या टक्केवारीवर नसावा, कारण मग त्याचा प्रत्येक सल्ला दर चढविण्याकडेच झुकेल. ज्याने अर्जांना गुण दिले त्यानेच पुढे त्या परवानेदारांच्या वह्या तपासू नयेत. त्याने प्रथम देखरेखीचा आराखडा आणि तिचा वार्षिक खर्च लिहून द्यावा, शेजारच्या हद्दीतील दर आणि राज्याचे दर मिळून ग्राहकाच्या पावतीवर होणारी बेरीज मांडावी, आणि त्यानंतरच दर सुचवावा. संस्थेच्या दोन कारकुनांनी पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी बसून तपासणीचे काम शिकावे, आणि तिसऱ्या वर्षी परवान्यांच्या नूतनीकरणाचे अर्ज येतील तेव्हा ते संस्थेच्या स्वतःच्या माणसांनीच तपासावेत, ही अट कराराच्या मसुद्यात तारखेसह लिहून घ्यावी.